बिनकुटाची पंगत

“हे काय आहे, सिद्धाराम?”

“वांगं हाय, बाई.”

“ते दिसतंय मला. वांग्याच्या पोटात काय आहे?”

“मसाला.”

“आणि मसाल्यात?”

सिद्धाराम बिराजदारने डब्यात वाकून बघितलं, जणू तो मसाला त्यालाही आजच भेटत होता. “कूट हाय, बाई.”

“मग फळ्यावर मी काय लिहिलं होतं? डब्यात शेंगदाणे आणायचे नाहीत, असं लिहिलं होतं ना?”

“शेंगदाणे न्हाईतच की, बाई. कूट हाय.”

सगळ्या वर्गाने मान डोलावली. हिरेमठ बाई आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी कपाळाला हात लावला आणि ओळीने एकेक डबा उघडायला घेतला. दोडक्याच्या भाजीत कूट, मेथीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. एका मुलीचा उपास होता, तिच्या साबुदाण्यात तर साबुदाणा कमी आणि कूट जास्त. एकही मूल खोटं बोलत नव्हतं. आमच्या सोलापुरात शेंगदाणे म्हणजे मूठभर घेऊन गुळासोबत खायचे ते. कूट म्हणजे मीठ. भाजीत मीठ आहे असं कुणी मुद्दाम सांगतं का? बाई स्वतः सोलापूरच्याच. त्यांच्या डब्यातही त्या दिवशी कुटाची आमटी निघाली, आणि ती बघून त्या खुर्चीत मटकन बसल्या.

माझा डबा शेवटी आला. त्यात भाकरी आणि लालभडक शेंगाचटणी.

“प्रज्ञा, ही तर चटणीच आहे. उघडउघड.”

“आईनं सांगितलंय, बाईंनी विचारलं तर मुद्दाम घातलीय म्हणून सांग.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना माझी आई ठाऊक होती.

हे सगळं ज्या मुलीपायी चाललं होतं, ती आसावरी पेडणेकर माझ्याच शेजारी बसायची. तिच्या वडिलांची सावंतवाडीहून आमच्याकडे बदली झाली होती आणि ती जूनमध्ये तिसरीत आली होती. गोरीपान, किडकिडीत, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी “गो” लावायची. तिच्या डब्यात खोबरं घातलेल्या भाज्या असायच्या आणि आम्हाला त्यांचं अपार कौतुक. आमच्या घरी कुणी नारळ फोडला तर तो देवापुढे. हिच्याकडे तो भाजीत पडत होता.

आमच्या शाळेत शनिवारी अंगतपंगत असे. हिरेमठ बाईंनीच ती सुरू केली होती आणि तिचा नियम असा की, शनिवारी आपला डबा आपण खायचा नाही. सगळ्यांनी वर्गात गोल बसायचं, डबे उघडून समोर ठेवायचे. बाई टाळी वाजवायच्या, की डबा उजवीकडच्याकडे सरकवायचा आणि डावीकडून आलेल्या डब्यातला एक घास खायचा. पुन्हा टाळी, पुन्हा डबा पुढे. अर्धा तास असं चालायचं. गिरणीतल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, पोरं, वकिलाची मुलगी, भाजीवालीचा मुलगा, सगळ्यांच्या घरची चव सगळ्यांच्या तोंडात. आज माझं वय झालं, मोठमोठ्या ठिकाणी जेवून झालं, पण त्या टाळीची वाट बघत जशी भूक लागायची तशी पुन्हा कधी लागली नाही.

तर त्या वर्षीची पहिली पंगत पावसाळा सरल्यावर एका शनिवारी बसली. पहिल्याच टाळीला माझा डबा आसावरीपुढे गेला आणि तिने भाकरीला चटणी लावून घास घेतला. पुढची टाळी वाजायच्या आत ती ओठ चोळायला लागली. ओठ बघता बघता सुजले, गळ्यावर गांधी उठल्या आणि ती श्वास ओढायला लागली तसा तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. हिरेमठ बाई एरवी पदर ढळू न देणाऱ्या. त्या दिवशी त्यांनी तिला कडेवर घेतलं आणि चपला न घालता रिक्षाकडे धावल्या.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. शेंगदाण्याची अॅलर्जी, असं निदान झालं. हा शब्द आमच्या गल्लीत पहिल्यांदाच आला होता आणि प्रत्येकजण तो आपापल्या पद्धतीने म्हणत होता. पेडणेकर काकूंना आठवलं की सावंतवाडीला एकदा चिक्की खाऊन तिचे ओठ सुजले होते, पण पित्त उठलं म्हणून त्यांनी आमसुलाचं पाणी लावून सोडून दिलं होतं. कोकणात दाणा रोजच्या खाण्यात नसतो, म्हणून तोवर पोर वाचली. आणि बदली झाली ती नेमकी अशा गावात, जिथे दाण्यावाचून पान हलत नाही.

शाळेत एक झालं, गावात दुसरं. सोमवारपर्यंत गावभर बोललं जायला लागलं की सरवदेबाईची चटणी खाऊन पोरगी मरता मरता वाचली.

सरवदेबाई म्हणजे माझी आई, कौसल्या. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर तिने अंगणातल्या उखळात शेंगा कुटायला सुरुवात केली होती आणि तिच्या हाताला अशी चव होती की लोक पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांबरोबर तिची चटणी पाठवायचे. आमच्या घरात मुसळाचा आवाज हेच घड्याळ होतं. आईच्या केसांत, लुगड्यात, उशीच्या अभ्र्यातसुद्धा भाजलेल्या शेंगांचा वास असायचा आणि मला तो कळायचाच नाही, कारण तो वास म्हणजेच आई.

तर आई पदर खोचून शाळेत आली.

“बाई, माझी चटणी अख्खं सोलापूर खातंय. आजवर एकाचंबी पोट दुखलं न्हाई. आन् तुमी फळ्यावर लिवलं, दाणे आणू नका? म्हंजे मी इख इकतेय का?”

“तसं नाही हो, कौसल्याबाई. चटणीचा दोष नाही. त्या मुलीला दाणाच सोसत नाही.”

“दाणा सोसत न्हाई असं माणूस असतंय का कुठं?”

“असतं. मलाही आत्ताच कळलं.”

आईला ते पटलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात दुप्पट चटणी घातली.

शेवटी हिरेमठ बाईंनी पालकसभा बोलावली. शाळेच्या सभांना एरवी चार टाळकी जमत. त्या दिवशी सतरंज्या कमी पडल्या. आम्ही मुलं खिडकीच्या गजांना लटकून ऐकत होतो. आसावरी माझ्या शेजारी लटकली होती. आपल्यावरच सभा भरलीय याचं तिला जरा अप्रूपच वाटत होतं.

बाईंनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. चिमूटभर कूटसुद्धा पोटात जाता कामा नये. तिसरीच्या वर्गाने डब्यातून दाणे आणि कूट, दोन्ही बंद करावं, अशी विनंती केली. आणि हेही सांगितलं की, शाळेला जमत नसेल तर पेडणेकर मंडळी दिवाळीनंतर मुलीला सावंतवाडीला तिच्या आजोळी ठेवणार आहेत.

“एका पोरीसाठी सगळ्या वर्गानं अळणी खायचं का?” सिद्धारामची आई सुरेखाताई उठल्या. “कूट न्हाई तर भाजीत काय घालू, बाई? राख?”

“रोज चिमूट-चिमूट द्या की तिला,” मागून कुणीतरी म्हणालं. “सवय होतीय. आमच्या दिराला दूध सोसत नव्हतं, आता तांब्याभर पितोय.”

“ही सवय होणारी गोष्ट नाही,” बाई म्हणाल्या. “श्वास बंद पडतो.”

“मग दृष्ट काढून बघितली का?”

पेडणेकर काकू उभ्या राहिल्या. ठेंगण्या, हातात रुमाल चुरगाळत असलेल्या. “माझी काही जबरदस्ती नाही हो. पण माझं चेडू, ही पोर, हळूहळू रुळली होती इथे. प्रज्ञाचं नाव घेतल्याशिवाय एक घास खात नाही घरी.” रुमाल डोळ्यांना लावून त्या खाली बसल्या.

मी गजांमधून आईकडे बघितलं. मला वाटलं, आता आई काहीतरी चांगलं बोलेल. आई उठली आणि तिच्या त्या उखळाएवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली, “येवढं भांडायचं कशाला? डबा खाताना लेकराला बाजूला बसवा की. चांगलं टेबल द्या, खुर्ची द्या. तिचं ती खाईल, आमचं आमी खाऊ. कुणाचं अडंना, कुणाचं नडंना.”

सभेने सुस्कारा सोडला. हे कसं कुणाच्या डोक्यात आलं नाही, म्हणून लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुरेखाताई आईच्या पाठीवर थाप मारून गेल्या. शेवटी हिरेमठ बाईही हो म्हणाल्या.

“एकटीच बसवणार?” पेडणेकर काकूंनी विचारलं. पण तोवर लोक चपला शोधायला लागले होते.

सोमवारी व्हरांड्यात एक टेबल आलं. त्यावर फुलाफुलांचा प्लॅस्टिकचा कपडा, शेजारी बाईंच्या ऑफिसातली गादीची खुर्ची. आम्ही सगळे फरशीवर बसून जेवणारे, त्यामुळे पहिल्या दिवशी वर्गाला आसावरीचा भयंकर हेवा वाटला. ती राणीसारखी बसली आणि आम्हाला दाखवून दाखवून पाय हलवत जेवली. दुसऱ्या दिवशी तिने पाय हलवले नाहीत. बुधवारी तिने निम्मा डबा ठेवला आणि गुरुवारी उघडलाच नाही.

“बरं नाहीये का?” मी तिला विचारलं.

“मला भूकच नाही लागत गो तिकडे,” ती म्हणाली.

मग शनिवार आला. आत आमची पंगत बसली, बाहेर तिचं टेबल. बाईंनी टाळी वाजवली. दाराच्या फटीतून मला आसावरी दिसत होती. टाळी वाजली की ती आपल्याच डब्यातला एक घास उचलायची आणि पुढच्या टाळीची वाट बघत थांबायची. माझ्यासमोर कुणाचा तरी गुळपोळीचा डबा आला होता, पण मला तो गोड लागला नाही.

त्या दिवशी आई शाळेत आली होती. शिक्षिकांना चटणी हवी असायची, शनिवारी ती पिशवी घेऊन यायची. व्हरांड्याच्या टोकाला ती आली तेव्हा आसावरीला ठसका लागला होता. शाळेतल्या शेवंतामावशी पाणी घेऊन धावल्या. भांडी सगळ्यांची उष्टी-खरकटी, त्याला कुठे कूट लागलेलं असलं तर काय घ्या, या भीतीने बिचाऱ्या मावशींनी तिला ओंजळ करायला सांगितली आणि तांब्या उंच धरून वरून पाणी घातलं. आसावरी वाकून, कोपरांवरून पाणी गाळत प्यायली.

आई जागच्या जागी थांबली. मी आतून बघत होते. मला वाटलं, तिला चक्कर आली. तिने पिशवी खाली ठेवली, भिंतीला हात टेकला आणि पाणी संपेपर्यंत तशीच बघत राहिली. मग सरळ वर्गात आली. पंगत चालू असताना कुणी आत यायचं नाही असा दंडक होता. तिला त्याचं भान नव्हतं.

“बाई, ती खुर्ची आत घ्या.”

“अहो कौसल्याबाई, तुम्हीच तर सभेत सांगितलंत.”

“मीच सांगितलं. आता मीच सांगतेय. आत घ्या पोरीला.”

“आणि डब्यांचं काय? तुमच्याच मुलीच्या डब्यात बघा काय आहे.”

आईने माझ्यापुढून गेलेला माझा डबा शोधला, झाकण लावलं आणि पिशवीत टाकला. “हिच्या डब्यात आजपासनं दाणा दिसणार न्हाई. बाकीच्यांचं मी बघते.”

हिरेमठ बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या लक्षात काही आलं की नाही, कोण जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, “एक आठवडा देते. पुढच्या शनिवारी मी स्वतः प्रत्येक डबा हुंगणार. एकात जरी कूट सापडलं तरी टेबल बाहेरच राहील. मग तिचे आईवडील तिला सावंतवाडीला नेतील आणि मी त्यांना अडवणार नाही. मला तिचा जीव मोठा आहे.”

“मलाबी,” आई म्हणाली.

घरी येताना ती माझ्यापुढे झपाझप चालली होती. काय झालं, असं मी विचारलं तर म्हणाली, “पाय उचल.”

मग आठवडाभर संध्याकाळी मुसळ ठेवून आई माझा हात धरून घरोघर हिंडली. तिला प्रत्येक स्वयंपाकघर माहीत होतं. कुणाच्या आमटीत किती कूट पडतं, कुणाची सासू चटणीशिवाय जेवत नाही, सगळं तिला पाठ. ज्या बाईने उभ्या गल्लीला कुटाची सवय लावली, तीच आता दारात उभी राहून सांगत होती, “रात्री घाला की ओ पाहिजे तेवढं. दुपारच्या डब्यात नको. तीळ घाला, सुकं खोबरं घाला. तेल करडईचं वापरा. आन् डब्याला येगळा चमचा ठेवा, कुटात बुडवलेला नको.” बायका हसायच्या. “कौसल्याबाई, तुमीच असं म्हणालात तर चटणी कोण घेईल?” “चटणी घ्यायला तुमी माझ्याच दारात येणार, जाताय कुठं,” आई म्हणायची. बहुतेक जणी तयार झाल्या. काही पटून, काही तिच्या तोंडाला लागायला नको म्हणून.

पेडणेकर काकूंकडे गेलो तर त्यांनी आम्हाला पाटावर बसवलं आणि खोबरं भाजून वाटण कसं करायचं ते आईला दाखवलं. आईने बोट लावून चाखलं. “बरं हाय. कुटाची सर न्हाई, पण बरं हाय.” काकू आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. कोपऱ्यात आसावरीचे कपडे घडी करून पिशवीत भरलेले मला दिसले.

शेवटचं घर बिराजदारांचं. सुरेखाताई दार अडवून उभ्या राहिल्या.

“माझ्या लेकाला भरलं वांगं लागतंय. त्यानं का म्हणून सोडायचं?”

“सोडू नको म्हणतेय का मी? रात्री खाऊ दे.”

“पण तुमालाच येवढा पुळका का, ओ? ना नात्याची, ना गोत्याची. आन् बाजूला बसवा म्हणून सभेत तुमीच उठला होता की. आता काय झालं?”

“इसरले होते, म्हणून तसं बोलले.”

“काय इसरला होता?”

आईने माझा हात सोडला. “मी गावाकडं तिसरीत होते. गुरुजी मला वर्गात बसवत नव्हते, व्हरांड्यात बसवायचे. फळा दिसायचा न्हाई, नुसतं ऐकू यायचं. तहान लागली की ओंजळ करून उभी राहायचे. कुणीतरी वरनं पाणी घालायचं. भांड्याला हात लागला तर बाटतंय म्हणून. कधी घालायचे, कधी सुट्टी होईस्तोवर तसंच. शनिवारी ती पोरगी तशीच वाकून उभी होती, सुरेखाताई. तिचं कारण येगळं हाय, मला कळतंय. शेवंता मायेनं पाणी घालत होती, तेबी कळतंय. पण ओंजळ तीच हाय ओ. आन् तिथं तिला मी बसवलं.”

मला हे काहीच माहीत नव्हतं. शाळा का सोडलीस, असं विचारलं की आई म्हणायची, डोकं नव्हतं मला. मला ते खरं वाटायचं, कारण आईला सही करतानाही जीभ बाहेर काढावी लागायची. त्या दारात मला आईकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

सुरेखाताईंनी खाली उंबऱ्याकडे बघितलं. वर्षानुवर्षं आई त्यांच्याकडे चटणी द्यायची ती याच उंबऱ्याबाहेरून, आणि त्यात काही वावगं आहे असं दोघींनाही कधी वाटलं नसावं. मग त्या दारातून बाजूला झाल्या.

“आत या,” त्या म्हणाल्या. “चहा टाकते. आन् वांग्यात कुटाच्या जागी काय घालायचं ते नीट सांगा, न्हाईतर तो सिद्ध्या डबा फेकून देईल.”

आता शाळांमधून असले नियम छापून येतात. पालकांच्या ग्रुपवर रात्रंदिवस वाद चालतात, एकाच्या मुलासाठी दुसऱ्याच्या मुलाने किती सोसायचं याचे हिशेब होतात. मी ते वाचते आणि मला सुरेखाताईंच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली आई दिसते, हातात कपबशी धरून वांग्याला चीर कशी द्यायची ते सांगणारी.

शनिवारी हिरेमठ बाईंनी खरोखरच प्रत्येक डबा हुंगला. सिद्धारामच्या डब्याशी त्या वाकल्या, वांग्याचं पोट चमच्याने उघडून बघितलं.

“तीळ-खोबरं हाय, बाई,” तो रडवेल्या आवाजात म्हणाला. “चांगलं लागत न्हाई.”

“शहाणा माझा बाळ,” बाई म्हणाल्या.

सगळे डबे झाले. एकातही कूट नव्हतं. शेवंतामावशींनी खुर्ची आत आणली, पण आसावरी खुर्चीत बसली नाही. ती माझ्या आणि सिद्धारामच्या मध्ये फरशीवर घुसली, मांडी घातली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून टाळीची वाट बघायला लागली. बाईंनी टाळी वाजवली. डबे सरकले. सिद्धारामचं वांगं आसावरीपुढे आलं, तिने घास घेतला आणि वर्गातल्या सगळ्यांचं खाणं थांबलं. ती चावत होती, आम्ही तिच्या ओठांकडे बघत होतो.

“छान आहे गो,” ती म्हणाली.

खिडकीबाहेर पेडणेकर काकू उभ्या होत्या. त्यांनी तोंडात पदराचा बोळा धरला होता. दिवाळीनंतर आसावरी कुठेही गेली नाही. चौथीची परीक्षा आम्ही एकाच बाकावर दिली.

आई मात्र आत आली नव्हती. ती व्हरांड्याच्या पार टोकाला, पायरीवर बसली होती.

“कौसल्याबाई, तिथे काय बसलात? आत या,” बाईंनी हाक मारली.

“नको. पहाटेपासनं कुटत होते. अंगाला, लुगड्याला सगळं कूट हाय. मी हितंच बरी.”

“अहो, पण एकट्याच?”

“मी माझ्या मनानं बसलेय, बाई. त्याचं काय वाटत न्हाई.”

बाईंनी टाळ्या वाजवायचं काम एका मुलीकडे दिलं, आपला डबा उचलला आणि बाहेर जाऊन आईच्या शेजारी पायरीवर बसल्या. मला दारातून दोघींच्या पाठी दिसत होत्या.

“पिशवीत चटणी आहे का हो?” बाईंनी विचारलं.

“हाय की.”

“द्या जरा. आठवडा झाला, मीसुद्धा कूट सोडलंय. जीव चाललाय माझा.”

आई पुडी सोडायला लागली, तर बाईंनी तिच्यापुढे तळहात धरला. “पुडी कशाला? हातावरच घाला.”

आईने आधी आपला हात पदराला पुसला. मग तिने मूठभर चटणी बाईंच्या तळहातावर घातली. बाईंनी भाकरी मोडली आणि डोळे मिटून खाल्ली. आत एकामागून एक टाळ्या वाजत होत्या. थोड्या वेळाने बाई लुगडं झटकून उठल्या.

“चला, आत बघते. फार दंगा करतायत.”

“थांबा!” आई अशी ओरडली की टाळ्या वाजवणारी मुलगीही थांबली. “आधी साबणानं हात धुवा. मगच पोरीला शिवा.”

हिरेमठ बाई जागीच उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांच्या नोकरीत, आणि त्याआधीच्या सोवळ्याच्या घरातल्या आयुष्यातही, त्यांना असं कुणी कधी म्हणालं नसेल. आईनेही ते बोलून झाल्यावर तोंडावर हात ठेवला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आणि मग दोघीही अशा हसायला लागल्या की आईला पायरी धरावी लागली आणि बाईंनी पदराने डोळे पुसले.

बाई नळावर गेल्या. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. परत आल्या आणि सोमवारी नखं तपासताना आम्ही त्यांच्यापुढे धरायचो तसे दोन्ही हात आईपुढे धरले, आधी सरळ, मग उलटे.

आईने वाकून नीट बघितलं, हुंगलं.

“जावा आता,” ती म्हणाली.